तुझ्या स्वेटरमधलं पिल्लू

शरू,

तुझ्या उशाशी मी दोन्ही हात छातीशी धरून बसले होते, त्याची आता मोठी गोष्ट झाली आहे. मोरारच्या काकू भेटेल त्याला सांगतात, "नणंद-भावजयीचं असं प्रेम पाहिलं नाही बाई. हात छातीवरून काढीना, जसं काही काळीजच निसटून पडेल." मी मान खाली घालून ऐकून घेते. फुकटचं प्रशस्तिपत्र कोण परत करतं? पण तुला तरी खरं ठाऊक असायला हवं. माझ्या शालीच्या आत तुझं पिल्लू होतं, आणि ते गार पडलं होतं.

तुला हसू येईल. येऊ दे. मला तेव्हा आलं नव्हतं.

गल्लीतली काळी कुत्री गेली त्या दिवशी जयेंद्रगंजमध्ये कोहरा असा होता की समोरच्या घराचं दारसुद्धा दिसत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी गाडीनं तिला उडवलं, आणि जिन्याखाली, माझ्या सुधीरच्या बंद पडलेल्या स्कूटरमागे तिची पिल्लं कुंईकुंई करत राहिली. डॉक्टरांनी तुला जिना आणि थंडी दोन्ही बंद केलं होतं. तू जिना उतरून थंडीत जाऊन बसलीस. याला तुझ्याकडे पथ्य म्हणत. वर आलीस ती पदराचा ओचा करून, ओठ निळे, धाप लागलेली.

"वहिनी, ओरडू नको. आधी बघून घे, मग ओरड."

"कुठल्या नालीतून उचलून आणलंस हे?"

"पाच आहेत. अजून डोळे नाही उघडलेत."

"आपले मिटायला आलेत, शरू."

"तर मग बरंच आहे ना. घरात कुणाचे तरी उघडायला पाहिजेत."

तुझ्याशी वादात मी कधी जिंकले? पन्नासहून जास्त वर्षं एका घरात काढली, तू लग्न केलं नाहीस, मी केलं ते तुझ्या भावाशी, आणि तो गेल्यावर आपण दोघीच उरलो भांडायला. शेवटचा शब्द नेहमी तुझा.

पण कुत्र्यांच्या बाबतीत माझा शब्द चालायचा. या घरात कुत्रं राहणार नाही, हा माझा कायदा, आणि त्या कायद्याची जन्मकथा तू प्रत्येक लग्नकार्यात सांगायचीस. मी नागपूरची, इंटर झालेली, डोक्यात हवा भरलेली. गृहप्रवेशाचा फोटो अजून आहे. चेहरा असा केलाय की ग्वाल्हेरचा किल्ला हिनंच एकटीनं जिंकून आणलाय. उंबऱ्यावरचं तांदळाचं माप पायानं हळूच कलंडायचं, एवढंच काम होतं त्या राणीसाहेबांना. तेवढ्यात तुमचा तो पिवळा कुत्रा भुंकला. माप उडालं ते थेट सासूबाईंच्या निऱ्यांत, आणि नवी नवरी शालू गुडघ्यापर्यंत ओढून दाराजवळच्या लोखंडी ट्रंकेवर उभी! "आई गं" म्हणून रडत होती ती बया. आज भेटली तर एक चापट ठेवून देईन.

तू चौदा वर्षांची. एका हातानं कुत्र्याची मान धरलीस आणि दुसरा हात मला दिलास. "उतर ना वहिनी. तो काही करत नाही. फक्त नाव विचारतोय, सांगून टाक."

मी सांगितलं नाही. उतरले मात्र, तुझा हात धरून. त्यानंतर घरात कुत्रं आलं नाही. तो पिवळाही कधी गल्लीत राहायला गेला, कुणी बोललं नाही. तू गल्लीत जाऊन त्याला पोळी घालायचीस. मी पाहायचे आणि न पाहिल्यासारखं करायचे.

तर ती पाच पिल्लं. मी कायद्यात पोटनियम काढला: दात आले की थाटीपूरच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना सांगून घरं बघायची, तोवर खोकं स्वयंपाकघराच्या बाहेर. तू मान डोलावलीस, म्हणजे ऐकलं नाहीस.

आणि मग आपण दोघींनी मिळून काय पराक्रम केला! तू म्हणालीस, "वहिनी, तू तीन पोरं वाढवलीस, नातवंडं न्हाऊ घातलीस. मला काय येतं? तू सांग तसं." एवढं चढवल्यावर मी कसली थांबते. तू ट्रंकेतून ते चांदीचं बोंडलं काढलंस, चोचीचं, ज्यानं सासूबाईंनी तुला पाजलं होतं. मी जमिनीवर पाय पसरून बसले, बाळाला घेतात तसं पिल्लू पायांवर उताणं घेतलं, मान जरा वर, आणि बोंडल्याची चोच ओठाशी. आपल्या घराण्याची सगळी बाळं अशीच प्यायली. पहिली तिघं नशिबानं वाचली. सगळ्यात छोटीच्या नाकातून दूध आलं.

बुडबुडा आला, फुटला, दुसरा आला. तोंड उघडं, पाय ताणलेले. मी नुसती बघत बसले, तीन पोरं वाढवलेली. तू झडप घालून तिला उचललंस, पालथं केलंस, पदराच्या टोकानं नाक पुसलंस, पाठ चोळत राहिलीस. मधूनच तिनं श्वास घेतला. तू मात्र घ्यायचा विसरली होतीस. मीच तुला हलवलं.

पाचवं, ज्याला आपण पाजायलाच गेलो नव्हतो इतकं ते मलूल होतं, दुपार होईपर्यंत गेलं.

थाटीपूरच्या डॉक्टरीणबाई आपल्या लेकीच्या वयाच्या, पण काय झापलं! "अम्मा, ये आपका पोता नहीं है. पेट के बल रखिए, जैसे माँ के नीचे रहता है. और ठंडा पड़ जाए तो पहले गरमाइए, धीरे-धीरे, अपने बदन से लगाकर. ठंडे पेट में दूध बिलकुल मत डालिए, मर जाएगा." छोटीच्या छातीला कान लावला, नळी लावली, आणि म्हणाल्या की दूध आत गेलंय, औषध देऊ, पण भरवसा नाही. येताना रिक्षात तू छोटीला पदरात घेऊन बसली होतीस. मी म्हटलं, "बोंडलं ठेवून दे आता." तू म्हणालीस, "घासून ठेवते. बोंडल्याची काय चूक?" आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास. तेव्हा मी तुला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "रिक्षावाल्याला सांग, डावीकडे घे."

मग आपलं राज्य बदललं. सत्ता तुझी, मी चाकर. सुई काढलेली सिरिंज, रबराची गरम पाण्याची पिशवी, जुन्या लुगड्यांच्या घड्या. पाजून झालं की ओल्या कापसानं पोट पुसायचं, तेव्हा कुठे ती शू करणार. त्यांची आई चाटून हे करते म्हणे. तू चष्मा कपाळावर चढवून ते काम इतक्या गंभीरपणे करायचीस! "जन्मभर कुणाचा लंगोट बदलला नाही, वहिनी. देवानं सगळे साठवून ठेवले होते बघ." रात्र तुझी, दिवस माझा अशी वाटणी तूच केलीस. तशीही तुला आडवं झालं की धाप लागायची, खुर्चीत बसूनच डोळा लागायचा. तर मग जागतेच आहे, पाजते, हे तुझं गणित.

मला ते गणित पटत नव्हतं. तुझ्या पायांवर सूज चढत होती. वाकलीस की उठताना भिंत धरायचीस. पल्लवीनंसुद्धा सांगून पाहिलं. सून झाली तरी तुझ्यापुढे ती जरा धिटाईनं बोलायची. "आत्या, अब बस करा ना. डॉक्टरांनी साफ मना केलंय. मी रात्रीचं बघून घेते." तू तिला म्हणालीस, "तुला सकाळी ऑफिस आहे. मला कुठे जायचंय?"

छोटीची घरघर मला दिवसभर ऐकू यायची. संध्याकाळी तुझी. एका खोलीत दोन छात्या वाजत होत्या आणि कुठल्या आवाजाकडे लक्ष द्यावं ते मला कळेना. म्हणून मी एका आवाजाला घराबाहेर काढायचं ठरवलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांच्या ओळखीचं एक घर तयार होतं, बाटलीनं पाजणारं. आणि तुला सांगितलं ते तुझं औषधाचं पाणी आणून देताना, अगदी सहज, जसं काही भाजीवाला येऊन गेला.

"उद्या चारही थाटीपूरला जातील."

"तिघं जाऊ दे. छोटी नाही जाणार. तिच्या छातीत अजून घरघर आहे."

"तुझ्या छातीत काय सनई वाजते? त्या कुत्र्यांपायी मरशील, शरू."

"तर मग तू पाजशील तिला."

"मी? एक थेंब नाही पाजणार. या घरात कुत्रं राहायचं नाही, सांगून ठेवते."

तू मला बघत राहिलीस. मला वाटलं, आता काढशील ते माप, ती ट्रंक, तो पिवळा. काढलं नाहीस. छोटीला उचललंस, स्वेटरची वरची बटणं सोडलीस, आत ठेवलंस, परत लावलीस.

"जाताना दार लोटून घे," म्हणालीस. "वारा येतो."

मी दार जरा जोरातच लोटलं.

सकाळी चहा घेऊन आले तेव्हा तू खुर्चीत होतीस, तांबड्या स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत. कप तुझ्या हाताला टेकवला. तू रोज "भाजला" म्हणून ओरडायचीस. ओरडली नाहीस. कप खाली ठेवला. मग पाहिलं, स्वेटरचा उंचवटाही हलत नव्हता.

आता जे केलं ते कुणाला सांगितलं नाही. सुधीरला हाक मारायच्या आधी मी तुझी बटणं सोडली. तुझी ऊब गेली तशी तिचीही जात चालली होती. मान लुळी, तोंड गार, जीभ फिकट. तुझे डोळे मिटायच्या आधी मी तिला माझ्या पोलक्यात घातलं आणि वरून शाल गुंडाळली. मग तुझे डोळे मिटले. मग हाक मारली. आधी कोण आणि नंतर कोण, हा हिशेब तू माझ्याकडे मागणार नाहीस, मला माहीत आहे. माझा मीच मागते कधीकधी.

घर भरलं. तुला बैठकीत ठेवलं, मी उशाशी बसले. लोक पाया पडत होते, माझ्या खांद्यावर हात ठेवत होते, आणि प्रत्येक हाताला मी आक्रसत होते की आता हिला दाबतील. एका हातानं तिला धरलं होतं, दुसऱ्यानं शालीखालून तिची पाठ चोळत होते, तू चोळायचीस तशी. ओठ हलत होते माझे. गुरुजींनी पाहिलं आणि म्हणाले, "जप थांबवू नका. त्यानंच बळ येतं." मी काय जपत होते सांगू? हल गं मेले, हल. हल गं मेले, हल. मग माझं मलाच कळेना की हे मी पोलक्यातल्या जिवाला म्हणतेय की समोर पांढऱ्या चादरीखालच्या.

तू हलली नाहीस.

बाहेर बांबू बांधायला सुरुवात झाली, बायकांचा आवाज चढला, आणि माझ्या छातीवर एक नख ओरखडलं. बारीक. एकदा. मी श्वास धरून बसले. पुन्हा ओरखडलं. आणि मग, गुरुजी नेमके गप्प असताना, शालीतून आवाज आला: कुंई.

मोरारच्या काकू वळल्या. "काय गं वाजलं?"

"पोट," मी म्हटलं.

"सकाळपासून पाणीही घेतलं नसेल बिचारीनं," काकू म्हणाल्या, आणि डोळे पुसू लागल्या.

पल्लवीला मात्र कळलं. ती खाली वाकली, शाल नीट करतेय असं दाखवून आत हात घातला आणि माझ्याकडे पाहिलं. "गरम आहे, आई," ती कानात म्हणाली. "आता दूध?"

आता दूध. पण कसं? घरात तू अशी, गॅस लावायचा नव्हता. शेजारून पिठलं-भात येणार होता तो दुपारी. दुधाची पावडर पाण्यात कालवली तरी ती थंड, आणि थंड दूध चालत नाही. ओट्याशी काकूंची थोरली सून पहारा देत उभी होती. मी उठले, "हात-पाय धुऊन येते" म्हणाले, आणि पल्लवीनं मागून वाटी पदराखाली आणली. न्हाणीघरात गीझर चालू होता, पुरुषमंडळींच्या आंघोळींसाठी. गीझर म्हणजे चूल नव्हे, असा निर्णय मी तिथल्या तिथे दिला. शास्त्रात काय असेल ते असो.

बादलीतल्या कढत पाण्यात वाटी धरली. पाटावर टॉवेलची घडी, त्यावर छोटी. पालथी, मान सरळ, जशी आईखाली असते तशी. थेंब ओठाला लावला. घेईना. दुसरा लावला. पल्लवीनं माझं मनगट धरलं. बाहेर हालचाल वाढली, सुधीर मोठ्यानं "शरूआत्या" म्हणाला, आणि मला कळलं की तुला उचलताहेत. पल्लवी म्हणाली, "आई, तुम्ही जा. मी करते." दार दोन पावलांवर होतं.

मी गेले नाही. छोटीनं तेव्हाच जीभ बाहेर काढली होती.

तुला उंबऱ्याबाहेर नेलं तेव्हा मी दारात नव्हते, शरू. ज्या उंबऱ्यापाशी तू मला हात देऊन उतरवून घेतलंस, त्याच्यावरून तू गेलीस आणि मी न्हाणीघरात पाटाशी उकिडवी बसून एका कुत्रीला थेंब मोजून दूध देत होते. तिनं गिळलं. पुन्हा गिळलं. तेव्हा कुठे मला रडू फुटलं, ते असं की पल्लवीनं नळ मोठा सोडला, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. म्हणून काकूंना वाटतं, मी रडलेच नाही.

तिघं थाटीपूरला गेली, ठरलं होतं तसं. छोटीला द्यायला मी गेले नाही. विचारलं सगळ्यांनी. "तिच्या छातीत अजून घरघर आहे," मी म्हटलं, अगदी तुझ्या आवाजात. आता रात्रही माझी. तुझ्या खुर्चीत बसते, तांबडा स्वेटर घालते. कोपरावरचं भोक तू रफू करणार होतीस ते तसंच आहे. तिचा एक डोळा आधी उघडला, मग दुसरा. धुरकट, निळसर, आपल्या कोहऱ्यासारखे. तू म्हणायचीस, डोळे उघडेपर्यंत नाव ठेवायचं नाही, जीव अडकतो. डोळे उघडलेले तू पाहिले नाहीस, आणि मी अजून नाव ठेवलं नाही. जीव काय, तो अडकायचा तिथे अडकलाय.

दहाव्याला सुधीर घाटावर निघाला तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "कावळा शिवला नाही तर घाबरू नको. मला ठाऊक आहे तिचं काय राहिलंय. म्हण, आईनं सांगितलंय, छोटी या घरातच राहील." पोरानं मान हलवली. मी दिवसभराची तयारी ठेवली होती. मला पक्कं माहीत होतं, तू कावळ्याला झाडावर बसवून ठेवणार. गुरुजी हैराण होतील, सुधीर एकेक वचन देत जाईल, आणि शेवटी माझं वचन ऐकल्यावर तू खाली उतरशील. त्या भांडणाचा शेवटचा शब्द तुझा, पण माझ्या तोंडून. एवढा मान मी तुला द्यायला बसले होते!

फोन लगेच आला. "आई, पान ठेवून मागे वळलो नाही तोच आला. गुरुजी म्हणाले, असं फार कमी पाहिलंय. तृप्त गेल्या."

"तू सांगितलंस का, छोटीचं?"

"सांगायला वेळच कुठे मिळाला?"

मी फोन ठेवला आणि, खरं सांगते, मला राग आला. तृप्त? भांडण अर्धं टाकून? मी म्हटलेलं तुला खरं वाटलं असतं, एक थेंब पाजणार नाही हे, तर तुझा जीव तिच्यात अडकला असता आणि कावळा आजतागायत फांदीवर असता. म्हणजे तुला ते खरं वाटलंच नव्हतं. मी दार आपटून गेले तेव्हाही नाही. पिल्लू स्वेटरात घालून तू निवांत बसलीस, सकाळी चहा घेऊन कोण येणार हे तुला ठाऊक होतं. मला मात्र माझं ठाऊक नव्हतं.

वचन माझ्या तोंडातच राहिलं. ते इथे लिहिते, कारण दुसरं कुठे सांगणार. ती राहील. कायदा रद्द.

काल दुपारी बऱ्याच दिवसांनी ऊन आलं. छोटीला तुझ्या खुर्चीपुढे जमिनीवर सोडलं. चार पाय चार दिशांना जात, पोट घासत, ती माझ्या पावलाशी आली, मान वर केली आणि भुंकली. पहिल्यांदाच. एवढासा आवाज, स्वतःच घाबरून मागे पडली.

आणि मी, शरू, पंच्याहत्तरीला टेकलेली, पोलक्यात कुत्रं बाळगून प्रेतापाशी बसलेली मी, दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीत! हात आपोआप पुढे गेला, तुझ्या हातासाठी. बराच वेळ तसाच राहिला.

ती पुन्हा भुंकली. मग मला आठवलं, ती काही करत नाही, फक्त नाव विचारतेय.

पाय खाली सोडले. माझी मीच. वाकले, तिचं तोंड तळव्यावर घेतलं आणि माझं नाव सांगितलं, "वहिनी."

घरात आता तसं म्हणणारं दुसरं कुणी नाही.